दहा नंबरची वाकळ

डिसेंबरातला दुसरा रविवार.
रंकाळ्यावर धुकं एवढं दाट
की शालिनी पॅलेस रात्रीत कुणीतरी उचलून नेलाय.
एकतीस वर्षं केएमटीत तिकिटं फाडली मी,
म्हणून गल्लीच्या सहलीचा हिशेब माझ्याकडं:
जाऊन-येऊन बस, माणशी चाळीस.
चहा ज्याचा त्यानं.
रस आणि काकवी गुऱ्हाळावर फुकट,
तिथं पाकीट काढलं तर मालक रागावतो.

बरोबर अकरा वाकळा.

कार्तिक सरताना इंदुताई सासने म्हणालेल्या,
ऊस तोडायला आलेल्यांची पोरं पाचटावर झोपतात,
जुनी लुगडी गोळा करू.
लुगडी आली, धोतरं आली,
एक परकर आला, तो परत गेला.
पण वरच्या बाजूला राठ कापड पाहिजे होतं, दहिवर सोसणारं.
नसीमा मुल्लाणी मशीनवरून मान न उचलता म्हणाली,
"तालमीतल्या जर्स्या मागा की."

जर्स्या. ह्या गावात.
इथं सासू-सुनेचं एक वेळ जमंल,
फुटबॉलात दोन पेठांचं नाही.
आमच्या पोरांनी सतरा दिल्या, धुऊन.
पलीकडच्यांनी बावीस दिल्या, न धुता,
वर निरोप:
आमचा निळा तुमच्या पिवळ्याला जोडायचा नाही.
त्यांचा रणधीर रोज संध्याकाळी
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला रिचवून
ओठावरची मिशी तशीच घेऊन यायचा,
मशीनपाशी उभा राहून टाके मोजायचा.
नसीमा हो हो म्हणायची
आणि जिथं जे बसंल तिथं ते बसवायची.
"कापड कमी पडतंय," एवढंच बोलली एकदा.

फाट्यावर उतरलो. पुढं दीड किलोमीटर चालत,
वाकळा डोक्यावर,
तोंडातून वाफ, बायकांच्या हसण्यातूनसुद्धा वाफ.
रणधीर तिकीट काढून आलेला.
सहलीला नाही, निळा कुठं गेला ते बघायला.

गुऱ्हाळ लांबूनच नाकाला कळलं.
चुलवाणात चिपाडं धडधडत होती,
काहिलीतला फेस वर यायचा, गुळव्या त्याला झाऱ्यानं दटावायचा.
आमचा गोलकीपर शकील
पाचवा पेला रस पिऊन सहावा मागत होता.

पालांवरनं पोरं आली.
बीडकडची, आठेक वर्षांची शिवकन्या सगळ्यात पुढं.
लाजली नाही.
प्रत्येक वाकळेचा कोपरा उचलून बघितला, हुंगला,
दुकानात आल्यासारखी एक बाजूला सारली, दुसरी सारली,
आणि एका वाकळेवर बोट ठेवलं.
मधोमध पिवळ्यावर एक, त्याला चिकटून निळ्यावर शून्य.
"ह्यो दहा नंबर कुणाचा?"

कुणी बोललं नाही.
नसीमाला अचानक काकवीची किटली भरायची आठवण झाली.

रणधीर खाली बसला. निळ्यावरनं बोट फिरवलं.
वीस नंबर त्याचा, त्यातले दोन कुठं गेले कुणास ठाऊक.
"शून्य माझं हाय," म्हणाला.
"आन् एक?"
रणधीरनं हनुवटीनं दाखवलं.
गेल्या मोसमात ह्याची पेनल्टी त्यानं अडवली होती,
तेव्हापासून दोघं समोर आले तर एक जण रस्ता बदलायचा.
शकीलनं बाहीनं तोंड पुसलं.
"एक माझा," म्हणाला.

पोरीनं दोघांना नीट बघून घेतलं,
मग वाकळ पाचटावर पसरली,
उलटी,
नंबर खाली, मऊ लुगड्याची बाजू वर,
आणि धाकट्या भावाला मधोमध बसवलं.

परत येताना बसमध्ये
दोघं एकाच बाकावर नव्हते. पुढं-मागं होते.
जानेवारीत सामना झाला, गॅलरीत शिट्ट्या,
दुसऱ्या हाफात त्यांचं पुन्हा वाजलं.
मी दोन्ही बाजूंचे चार शब्द ऐकले, ते इथं लिहीत नाही.

सहलीचे पस्तीस रुपये उरलेत.
वहीत त्यांच्यापुढं लिहून ठेवलंय:
दोरा.